कावळा लगेच शिवला

नानांच्या पिंडाला कावळा लवकर शिवणार नाही, याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. घाटावर निघताना त्यांच्या मुलाने, अद्वैतने, गाडीच्या डिकीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. नीलाने चहाचा मोठा थर्मास भरून घेतला. गुरुजींना तर आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की दुपारचं दुसरं काम घेऊ नका, आमच्याकडे वेळ लागेल.

वेळ लागणारच होता. एक्क्याण्णव वर्षं जगलेला आणि एकही दिवस हातावर हात ठेवून न बसलेला माणूस. मार्तंडराव, म्हणजे नीलाचे सासरे, म्हणजे सगळ्यांचे नाना. जालना स्टेशनवर पस्तीस वर्षं बुकिंग क्लार्क होते. नीला या घरात सून म्हणून आली त्याच्या आदल्याच वर्षी ते रिटायर झाले होते, त्यामुळे त्यांचा एकूण एक छंद तिच्या डोळ्यांदेखत घरात आला. आधी पेटी आली. मग गच्चीवर कुंड्या आल्या, त्यात जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचे डोळे बांधून कलमं करणं सुरू झालं. मग दुर्बीण. सत्तराव्या वर्षी त्यांनी जुनी शिवणमशीन आणली आणि घरातल्या प्रत्येकाला पायजमे शिवून दिले. त्या पायजम्यांचे खिसे गुडघ्यापर्यंत जायचे. खिसा खोल असला की काही पडत नाही, असं नानांचं म्हणणं. किल्ली काढायची तर माणसाला कंबरेत वाकावं लागे. तरी अद्वैत ते पायजमे घालायचा.

यातलं काहीच कधी पुरं व्हायचं नाही. एक अर्ध्यावर असताना दुसरं दारात उभं. त्यामुळे मागे काय काय राहिलं असेल याचा घरात आधीच अंदाज बांधून झाला होता आणि कोण काय कबूल करणार हेही ठरलं होतं. अद्वैत म्हणणार होता, मोसंबीला मी पाणी घालीन. पुण्याहून आलेली अद्वैत-नीलाची मुलगी गंधाली म्हणणार होती, नाना, मी पेटी शिकते. नीला काय म्हणणार हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती "बघू तिथे" एवढंच म्हणाली होती.

गुरुजींनी पिंड ठेवला. सगळे चार पावलं मागे सरले. गुरुजी अजून गुडघ्यावर हात टेकून उठतच होते, तोवर पलीकडच्या बाभळीवरून एक कावळा उतरला, थेट पिंडावर बसला आणि भात चोचीत घेऊन गेला. लगेच दुसरा आला. मग तिसरा.

कोणाला काही बोलायला सवडच मिळाली नाही. अद्वैतचे हात जोडायला म्हणून वर आले होते, ते तसेच राहिले.

"भाग्यवान माणूस," गुरुजी म्हणाले. "काही म्हणजे काही राहिलं नाही त्यांचं."

खुर्च्या उघडल्यासुद्धा नव्हत्या. त्या तशाच परत आल्या आणि थर्मासमधला चहा घरी येऊन प्यायले.

पुढचे तीन दिवस येईल तो तेच बोलत होता. तृप्त होऊन गेले. इतक्या पटकन कोणाला शिवत नाही. जांब समर्थहून आलेल्या चुलतसासूबाईंनी तर नीलाचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुझी सेवा पावली गं त्यांना." नीला हात सोडवून घेऊन आत गेली आणि तिने धुतलेल्या कपबशा पुन्हा धुतल्या.

तिला बसवत नव्हतं. पाहुण्यांत बसली की दोन मिनिटांत उठायची, चपला सरळ लावायची, पाण्याचा पंप बंद आहे का बघायला मागच्या दारी जायची. जेवतानाही ती उभ्यानेच जेवत होती. गंधाली म्हणाली, "आई, तू बस ना जरा." नीला बसली आणि परत उठली.

तिच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ घोळत होती.

जूनचा पहिला आठवडा. नीला नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात रवानगी विभाग सांभाळते. पेरणीच्या तोंडावर तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवशी ती अंधार पडल्यावर घरी आली तर न्हाणीघरात घोटाभर पाणी. नानांनी गणपती करायला म्हणून प्लॅस्टर आणलं होतं आणि उरलेलं मोरीत ओतलं होतं. मोरी दगडासारखी बंद झाली होती. नाना त्या पाण्यात उभे, कोपरापर्यंत पांढरे, आणि हातात उलथनं. अद्वैत संभाजीनगरला गेला होता. घरात दोघंच.

नीला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटत होतं. ती ऑफिसात बोलते तशी बोलली होती.

"नाना, आता पुरे. या घरात आता नवीन काही येणार नाही. जे उघडून ठेवलंय ते आधी एकेक करून संपवा."

नानांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "बराबर आहे तुझं," ते म्हणाले. "बिलकुल बराबर."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. नीलाने शिरा केला, नानांनी तो दोनदा मागून खाल्ला. विषय संपला असं तिने धरलं. पुढे हळूहळू नानांची खोली नीटनेटकी दिसायला लागली. तिला बरंच वाटलं होतं. वय झालं, दम कमी झाला, असं ती मनात म्हणाली होती आणि ऑफिसच्या कामाला लागली होती.

तेरावा झाला. पाहुणे गेले, गंधालीही पुण्याला गेली. अद्वैत बँकेत रुजू झाला. नीलाची रजा अजून दोन दिवस बाकी होती. पहिल्या दिवशी सकाळी तिने नानांच्या खोलीतलं कपाट उघडलं.

वरच्या खणात चार सदरे, दोन धोतरं. मधल्या खणात औषधं. खालचे दोन्ही खण रिकामे, आणि त्यांत स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलेलं. पलंगाखाली काही नाही. कोपऱ्यात मशीन असायची तिथे फरशीवर चार पायांचे फिकट डाग. दुर्बीण नाही, पेटी नाही, तारांची भेंडोळी नाहीत. गच्चीवर गेली तर बारा कुंड्यांपैकी दोनच होत्या, आणि त्या दोन्ही तुळशीच्या.

हे सगळं कधी गेलं? ती रोज या घरात होती. निदान सकाळ-संध्याकाळ तरी होती.

ती तशीच चपला घालून निघाली. मशीनबद्दल कोणाला माहीत असेल तर बेबीनंदाला. बेबीनंदा रेल्वेलाइनीच्या पलीकडे राहायची, ब्लाउज शिवायची. नाना शिवणकाम तिच्याकडेच शिकले होते.

मशीन तिच्या दारातच दिसली. बेबीनंदा तीच चालवत होती.

"वहिनी, तुमाला ठावूक न्हाई?" ती उठून उभी राहिली. "नानांनीच आणून दिल्ती. दोन वर्सं होतील की आता. माझी जुनी मोडल्ती ना."

"काही म्हणाले का देताना?"

"हां. आधी हितं बसून बारा उशांच्या खोळी पुऱ्या केल्या. अर्ध्या राह्यल्या होत्या त्यांच्या. मंग म्हणले, घरी हुकूम निघालाय, एकेक संपवायचं. ही तू ठेव."

त्या खोळी घरात होत्या. रोज रात्री ती त्यांवर डोकं टेकून झोपत होती. पाहुण्यांपैकी कोणी आणून दिल्या असतील, असं तिने तेव्हा धरलं होतं.

"हसत म्हणाले का?" तिने विचारलं.

"काय?"

"हुकूम निघालाय, असं म्हणाले, ते हसत म्हणाले का?"

बेबीनंदाने आठवून पाहिलं. "आता ते न्हाई आठवत, वहिनी. लई दिवस झाले. तुमी बसा, च्या टाकते."

नीला बसली नाही. पेटीसाठी ती देवानंदकडे गेली. देवानंद शाळेत संगीत शिकवायचा, नानांना पेटीवर बोटं ठेवायला त्यानेच शिकवलं होतं. पेटी त्याच्या वर्गात होती. नाना देताना म्हणाले होते की दुर्गा राग तेवढा पूर्ण बसवून घे माझ्याकडून, मग पेटी तुझी. तीन महिने लागले. एक दिवस त्यांनी आलाप-तानांसकट सगळा वाजवला, पेटीचा भाता बंद केला आणि उठून गेले.

"चांगला वाजवला?" नीलाने विचारलं.

"चांगला नाही म्हणता येणार," देवानंद प्रामाणिकपणे म्हणाला. "पण पूर्ण वाजवला."

"उठून गेले तेव्हा कसे दिसत होते? म्हणजे नाराज होते का?"

"नाना आणि नाराज? वहिनी, तुम्हीच सांगा, तुम्ही इतकी वर्षं बघितलंय त्यांना."

दोन दिवसांत तिने बाकीचंही शोधून काढलं. मोसंबीची रोपं परतूरकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर लागली होती. दुर्बीण एका शाळेत होती. सगळीकडे एकच कथा. नानांनी आधी जे अर्धं होतं ते पुरं केलं आणि मग वस्तू देऊन टाकली. आणि सगळीकडे नीलाने एकच प्रश्न विचारला, हसत होते का. कोणाला आठवत नव्हतं, आणि बाकीचे ‘हसतच की’ म्हणाले. माणसं मेलेल्या माणसाचं हसणंच लक्षात ठेवतात. त्या उत्तरावर विसंबून राहता येत नव्हतं.

तिच्या शब्दाने नानांनी आपलं आयुष्य आवरून ठेवलं होतं. एकेक खण रिकामा करून वर कागद अंथरला होता. आणि मग कावळ्याला थांबायला काही उरलंच नव्हतं.

ती ऑफिसला जायला लागली, पण तिथेही बूड टेकवत नव्हती. फोनवर बोलताना फेऱ्या घालायची. शनिवारी अर्धा दिवस होता. नानांच्या टेबलावर वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं होतं, ते द्यायला ती गेली. मंगळवार आणि शुक्रवार नाना वाचनालयात जायचे. सकाळी दहाला रामप्रसादची ऑटो यायची, एक वाजता परत आणून सोडायची. ते एवढं एक शेवटपर्यंत चालू होतं, याचा तिला जरा आधार वाटत होता.

वाचनालयातल्या बाईंनी पुस्तक घेतलं, कार्ड पाहिलं. "दिवाळीपासून आले नाहीत नाना. आम्हाला वाटलं आजारी आहेत."

"दर मंगळवारी येत होते," नीला म्हणाली.

"नाही हो. हे पुस्तकच बघा ना, दिवाळीच्या आधीचं आहे."

स्टेशनच्या ऑटो स्टँडवर रामप्रसाद सापडला. पन्नाशीचा, कानात भिकबाळीसारखी बारीक रिंग, आणि ऑटोच्या मागे बहिरोबाचं चित्र. नीलाला पाहून त्याने तोंडातली सुपारी थुंकली आणि मान खाली घातली.

"नाना कुठे जायचे, रामप्रसाद?"

"वाचनालयात, वहिनी."

"मी तिथूनच येते आहे."

रामप्रसादने हँडलवरची धूळ पुसली. "त्यांनी सांगितल्तं, घरी बोलायचं न्हाई म्हणून. शब्द देल्ता मी."

"आता काय उपयोग त्या शब्दाचा?"

"ते बी खरं," तो म्हणाला आणि त्याने मागची सीट फडक्याने झटकली. मग म्हणाला, "बसा."

राजूर रोडने शहर संपलं, कापसाच्या जिनिंगचे पत्रे मागे पडले. हरभरा काढून मोकळ्या झालेल्या एका रानाशी रामप्रसादने ऑटो थांबवली. रानात मेंढ्या होत्या. साठेक असतील. त्यांना रात्री कोंडायची जाळी, वाघूर, एका बाजूला गुंडाळून ठेवली होती. बाभळीच्या सावलीत एक म्हातारी बाई बसली होती. रामप्रसादने लांबूनच हाक मारली, "जयवंताबाई, नानांच्या सूनबाई आल्यात."

जयवंताबाई उठली नाही. तिने शेजारची जागा हाताने साफ केली. "या. मला कळलं ते. रामप्रसाद सांगून गेल्ता."

"मावशी, नाना इथे यायचे?"

"यायचे की. दिवाळी झाल्यापून. आमी ह्या रानातून त्या रानात, पर हुडकत यायचे."

"इथे काय करायचे?"

"मेंढ्या वळखायला शिकायचे."

नीलाला कळलं नाही. जयवंताबाईने सावकाश सगळं सांगितलं. ती केदारखेड्याची. पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन निघायचं, खतासाठी लोकांच्या रानात बसवायच्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावाकडे परतायचं. दिवाळीनंतर एक दिवस मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या आणि ऑटो अडकली. आत नाना. त्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, या सगळ्या तुम्हाला ओळखू येतात का? ती म्हणाली, तुमाला तुमची नातवंडं वळखू येत्यात का न्हाई? तर नाना खाली उतरले आणि म्हणाले, मला शिकवा.

"मला वाटलं म्हातारा गंमत करून राह्यला. तर मंगळवारी पुन्यांदा हजर. हितंच बसायचे, ह्या दगडावर. मी एकेकीचं नाव सांगायची, खूण सांगायची. कान कसा, नाक कसं, चालती कशी. मंग परीक्षा घ्यायची. ह्या साठातल्या एकवीस वळखायला लागल्ते. दोघींत लई घोळ व्हायचा त्यांचा. रोज चुकायचे. चुकले की सवताच्या मांडीवर हात मारायचे."

"पण मेंढ्या का?" नीला म्हणाली. "मेंढ्यांचं काय करायचं होतं त्यांना?"

"मी बी इचारलं. म्हणले, पस्तीस वर्सं टेसनावर तिकिटं देल्ली. खिडकी एवढीशी. नुसते हात दिसायचे. लाखानं हात बघितले म्हणले, तोंड कुणाचंच बघितलं न्हाई. आता तोंडं शिकायची हौस आलीय."

तेहेतीस वर्षांत नाना हे घरात कधी बोलले नव्हते. की बोलले होते, आणि ती तेव्हा उठून कुकर बंद करायला गेली होती? नीला दगडाकडे बघत होती. त्यावर बसावं असं तिला वाटलं नाही. ती उभीच राहिली.

"होळी झाली की आमी निघतो गावाकडं," जयवंताबाई म्हणाली. "म्हणले, पहिला मुक्काम मी तुमच्यासंगं चालत येतो. मी म्हणलं, नाना, ह्या वयात? म्हणले, घरी सांगतो बराबर."

"घरी काय सांगणार होते?"

"त्ये ठरलं नव्हतं."

मग नीलाने विचारलं. विचारताना तिला आपला आवाज ऑफिसातल्यासारखा येतोय असं वाटलं आणि तिने तो खाली आणला. "मावशी, मी त्यांना एकदा बोलले होते. घरात नवीन काही आणू नका म्हणून. ते तुम्हाला बोलले का कधी?"

"बोलल्ते."

"हसत बोलले का?"

जयवंताबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "खरं सांगू का?"

"सांगा."

"भ्यायचे तुमाला. लई न्हाई. थोडं."

वाऱ्याने हरभऱ्याचा भुसा उडाला. रामप्रसाद ऑटोजवळ उभा राहून दुसरीकडे बघत होता.

"म्हातारपणी भितं माणूस," जयवंताबाई म्हणाली. "मी बी सुनेला भिते. घरात ऱ्हायचं म्हणलं की आलंच ते. पर हितं यायला मज्जा बी यायची त्यांना. म्हणायचे, चोरून काय करायला मिळतंय का ह्या वयात? शाळा चुकवून आलेल्या पोरावाणी बसायचे."

नीलाने अंगावर उडालेला भुसा झटकला. ती म्हणाली, "मग एवढं सगळं राहिलं होतं त्यांचं, तर कावळा लगेच कसा शिवला?"

"कवा ठिवला पिंड?"

"नऊला."

"नवाला भुकेजलेले असत्यात की ते. आमच्या सासऱ्याच्या टायमाला दुपार झाल्ती, पोटं भरून बसल्ते सगळे. दोन वाजेस्तोवर हात जोडले, काय काय कबूल केलं. म्हाताऱ्याला बिडीबिगर काय बी नको असायचं. शेवटाला दर्भाचा कावळा करून शिववला अन् घरी गेलो." जयवंताबाईने पदराने तोंड पुसलं. "कावळ्याचं काय मनावर घेता, बाई."

परत येताना ऑटोत नीला सरळ बसली नाही, सारखी मागे वळून बघत होती. हलकं वाटायला हवं होतं. नानांनी तिचा हुकूम मोडला होता, शेवटी शेवटी एक नवीन छंद धरला होता आणि तो अर्धा टाकून ते गेले होते. हे सगळं तिला हवं होतं तसंच होतं. पण "थोडं भ्यायचे" हे शब्द त्याच्याबरोबरच आले होते. एक घ्यायचं आणि दुसरं रानात ठेवून यायचं, असं करता येत नव्हतं.

संध्याकाळी अद्वैत आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. मोरी, प्लॅस्टर, ती काय बोलली, बेबीनंदा, देवानंद, मेंढ्या. तो चपला न काढता दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

"तू बोललीस म्हणून त्यांनी सगळं मार्गी लावलं," तो शेवटी म्हणाला. "वाईट काय झालं त्यात?"

"मला तसं म्हणू नका."

"मग कसं म्हणू?"

अद्वैतने वाकून चपला काढल्या. मग त्याचा आवाज बदलला. "पण मला सांगायला काय झालं होतं त्यांना? तुला भ्यायचे, ठीक आहे. मला का नाही सांगितलं? मी नेलं नसतं का गाडीतून?"

"तुम्ही मला सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं."

"सांगितलं असतं," नीला म्हणाली. तो उठला, अंगणात गेला, परत आत आला, नानांच्या खोलीच्या दारात उभा राहिला, पुन्हा अंगणात गेला. त्या दिवसापासून त्या घरात येरझाऱ्या घालणारी माणसं दोन झाली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाने ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं. अशी सवलत तिने आजवर घेतली नव्हती. रामप्रसाद दारात आला तेव्हा अद्वैत आधीच ऑटोत बसलेला होता. मी येत नाही, माझे गुडघे दुखतात, असं तो रात्री झोपताना म्हणाला होता. नीला त्याच्या शेजारी बसली.

मेंढ्या निघाल्या होत्या. जयवंताबाई मागे, तिचे दोघे मुलगे पुढे, वाघूर आणि भांडी घोड्यावर. राजूर रोडच्या कडेने सगळा कळप धूळ उडवत चालला होता. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. नीला उतरून जयवंताबाईच्या बरोबरीने चालायला लागली. फक्त वळणापर्यंत जायचं, असं तिने ठरवलं होतं.

"घरी सांगितलं का?" जयवंताबाईने विचारलं.

"सांगितलं."

"मंग?"

"काही नाही. तेही आलेत." तिने मागे ऑटोकडे मान केली.

वळण आलं आणि गेलं. जयवंताबाई मधूनच एखाद्या मेंढीचं नाव घेऊन ओरडायची आणि त्या घोळक्यातली एकच मान वर व्हायची. कोणती, हे नीलाला दर वेळी उशिरा कळायचं. तासाभराने तिच्या चपलेचा अंगठा तुटला. काही वेळ ती तशीच फरपटत चालली, मग रस्त्याच्या कडेला थांबली. मागून ऑटो आली. अद्वैत खाली उतरला.

"तू बस," तो म्हणाला. "मी जातो थोडा."

"गुडघे?"

"जातो म्हणालो ना."

त्याने पॅंट दोन घड्या वर केली आणि तो मेंढ्यांच्या मागे निघाला. पाठीमागून तो अगदी नानांसारखा दिसत होता, हे नीलाला आज पहिल्यांदा जाणवलं असं नाही. पण आज तिने नजर काढली नाही.

रामप्रसादने ऑटो अगदी हळू ठेवली होती. मेंढ्या दोन्ही बाजूंनी ऑटोला घासून जात होत्या. नीला बाहेर वाकून त्यांची तोंडं बघत होती. सगळ्यांचे कान लोंबते, नाकं काळी, आणि डोळ्यांत काही वेगळं आहे म्हणावं तर काहीच नाही.

"तुम्हाला ओळखू येतात का, रामप्रसाद?"

"दोन येत्यात," तो म्हणाला. "नानांसंगं बसून बसून. ज्या दोघींत नानांचा घोळ व्हायचा ना, त्याच. मला बराबर कळायच्या, पर मी सांगायचो न्हाई. त्यांना सवता वळखायच्या होत्या."

"दाखवा ना मला."

त्याने ऑटो बंद केली, पाय रस्त्यावर टेकवून उभा राहिला आणि कळपावरून नजर फिरवली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"हितंच आसंल एक," तो म्हणाला. "थांबा जरा."

नीला थांबली. मेंढ्या जात राहिल्या.